इसाराची झांज

लातूरच्या माझ्या घरात वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे. खाली भांड्यांचं दुकान, मागं गोदाम. दिवाळीच्या तोंडावर माल इतका येतो की कुकरचे खोके जिन्यावर चढतात आणि न्हाणीघरात शिरायचं तर पातेल्यांच्या थप्पीला वळसा घालावा लागतो. नवरा दर वर्षी म्हणतो, "अगं, ती वरची खोली..." मी त्याच्याकडे नुसतं पाहते आणि त्याचं वाक्य तिथंच राहतं. त्या खोलीचा सौदा झालेला आहे. घेणाऱ्यानं इसार दिलेला आहे. घेणारं माणूस आलं नाही, हा त्या माणसाचा दोष, माझा नाही.

इसार म्हणजे काय ते आता पोरांना सांगावं लागतं. सौदा ठरला की घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं. ते ठेवलं की सौदा पक्का. मग ती वस्तू दुसऱ्याला द्यायची तर नाहीच, दाखवायचीसुद्धा नाही. हा नियम मला माझ्या आजीनं शिकवला. तिनं तो आयुष्यभर पाळला आणि एकदाच मोडला. माझ्याशी केलेल्या सौद्यात. तिला जाऊन दोन वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही.

आजीचं नाव सोनाबाई. नांदेडला गल्लीत सगळे तिला सोनामाय म्हणायचे. उंची बेताची, रंग पक्का, कपाळावर हिरवं गोंदण, आणि आवाज असा की भाजीवाला गल्लीच्या तोंडाशी असतानाच ही चुलीपुढून भाव करायची. भाजीवाल्यांनी तिचा चेहरा फार क्वचित पाहिला असेल. "वांगी कशी दिलीस रं?" एवढं ऐकू आलं की बिचारा गाडा ढकलत ढकलत भाव उतरवत यायचा.

कुणाच्याही घरी गेली की ती आधी भांडी वाजवून पाहायची. पाण्याचा तांब्या पुढं केला की बोटाच्या पेरानं टिचकी मारायची, कान लावायची आणि म्हणायची, "ह्याचा सूर बरा हाय. पाणी गोड लागंल." स्टीलच्या पेल्याला मात्र नाक मुरडायची. माझं सगळं दुकान स्टीलचं. दुकान उघडलं त्या दिवशी पाहुणे पेढे खात होते आणि आजी एका टोकापासून सगळी फडताळं वाजवत निघाली होती. शेवटी म्हणाली, "पोरी, लई माल भरलास. गाणारं एक बी न्हाई." चारचौघांत.

तिची स्वतःची झांज होती, तिच्या आईकडून आलेली. काशाचा जोड, कडा झिजून पातळ झालेल्या, दोन्ही झांजांना मिळून एक लाल दोरी. ती झांज कापडी पिशवीत आणि पिशवी खांद्याला. तिची आई देवीची गाणी गात परडी घेऊन फिरायची, माहूरची वाट तिला पाठ. आजी गायला शिकली ती तशीच, चालता चालता. त्यामुळं बसून गाताना तिला श्वास पुरायचा नाही आणि चालत असली की कधी सरायचा नाही. तिच्या तोंडात एक गाणं कायम असायचं, तिचंच जुळवलेलं:

माहूरच्या डोंगराला वाट वळणाची,
आई माझी वाट पाही लेक उशिराची.

जुळवण्यात तिला काही लागत नसे. कुणाचं बारसं, कुणाची भांडणं, कुणाची म्हैस व्याली, की दोन ओळी तयार. माझ्यावरही केल्या होत्या. मी कंधारच्या बाजारात एका बाईशी ताटाच्या सेटावरून हुज्जत घालत होते, तेव्हा ही मागं बसून झांज वाजवायला लागली:

नात माझी लातूरची, भांड्यांची गं राणी,
घासाघीस करता करता आटलं चहाचं पाणी.

गिऱ्हाईक हसत सुटलं आणि सेट त्याच्याच भावात घेऊन गेलं. माझ्या आजीमुळं माझं किती नुकसान झालं, ते मी मोजायचं सोडलं आहे.

हे भाव करणं आमच्या घरात कुठून आलं ते सांगायला हवं. माझे आजोबा हेडी होते, म्हणजे बैलांचा आणि घोड्यांचा व्यापार करणारे. गाव कंधारजवळचं. शेती भावांनी पाहायची आणि यांनी जत्रा फिरायच्या, अशी घरातली वाटणी. जनावर त्यांना बरोबर कळायचं, राग मात्र आवरायचा नाही. तो राग माझ्यात उतरलाय म्हणतात. म्हणोत.

जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातांवर उपरणं टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरतात. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच. शेकडा की हजार ते आधी तोंडानं ठरवायचं. मूठ दाबली म्हणजे मोजणी संपली, असेल तेवढा सगळा माल. भोवती गर्दी असली तरी लोकांना दिसतात ते दोन चेहरे. आजोबांची अडचण अशी, की हात उपरण्याखाली राहायचा आणि चेहरा सगळं सांगून मोकळा व्हायचा. समोरच्यानं बोट कमी धरलं की यांचे कान लाल. मग समोरचा ओळखायचा की अजून दाबायला जागा आहे.

एका वर्षी माळेगावच्या जत्रेत आजोबा तापानं फणफणले. पालात पडून राहिले. बरोबर बैलांच्या जोड्या आणि एक तांबडी घोडी. चारा संपत आलेला, जत्रा उठायला आलेली. तेव्हा कंधारचे एक व्यापारी, हुसेनभाई, जनावरं पाहायला आले. आजी डोक्यावरचा पदर सारखा करून पालाबाहेर आली आणि म्हणाली, "सौदा माझ्यासंगं करा."

भोवतीची माणसं हसली. बाई उपरण्याखाली परक्या पुरुषाचा हात धरणार, हे कुणी पाहिलं नव्हतं. हुसेनभाई तर घाबरलेच. "भाबी, मैं हात कैसा पकडूं? लोगां क्या बोलेंगे?"

आजीनं आजोबांच्या उपरण्याची कड दातानं फाडली. ती चिंधी हुसेनभाईंच्या मनगटाला बांधली आणि म्हणाली, "आता भाऊ झालात. धरा हात."

पुढं काय झालं ते मी तिघांच्या तोंडून ऐकलं आहे आणि तिघांचं एकमेकांशी जुळत नाही. आजोबा म्हणायचे, सोना फसली. हुसेनचाचा म्हणायचे, मी फसलो. आजी म्हणायची, दोघं बी खोटं बोलून राहिलेत. खरा भाव काय ठरला ते तिनं कधीच कुणाला सांगितलं नाही. आजोबांनी मरेपर्यंत विचारलं. ती म्हणायची, "उपरण्याखालचं उपरण्याखाली. तुम्हाला ताप होता, तुम्ही कशाला इचारता?"

एवढं मात्र तिघंही सांगायचे की शेवटी हुसेनभाईंनी मूठ दाबली, म्हणजे बैलांबरोबर घोडीही मागितली, आणि आजीनं त्यांची मूठ एकेक बोट करून उघडली. बैल दिले, घोडी नाही. कारण तिला घरी जायचं होतं आणि नवरा चालू शकत नव्हता. तिनं आजोबांना घोडीवर मागं बसवलं, आपल्या कमरेला उपरण्यानं बांधलं, नऊवारीचा काष्टा आवळला आणि लगाम हातात घेऊन माळेगावहून गावाकडं निघाली. त्याआधी ती कधी घोड्यावर बसली नव्हती. आजोबा सांगायचे, "गावात शिरताना मला लई लाज वाटली." आजी म्हणायची, "तापात लाज कुठली? झोपला व्हता माणूस. मी गाणं म्हणत व्हते आन हे घोरत व्हते."

त्या चिंधीच्या जोरावर हुसेनचाचा दर सणाला आमच्या घरी आले. त्यांची मुलगी चाँदबी लग्न होऊन नांदेडला गेली. आजोबा वारल्यावर आजी माझ्या काकाकडं नांदेडला आली. काका विष्णुपुरीच्या कॉलेजात शिपाई. काकानं घर भाड्यानं घेतलं ते चाँदबींच्या शेजारी. आजीनंच शोधलेलं.

चाँदबीमावशी म्हणजे आजीच्या भजनी मंडळाची ढोलकी. त्यांच्याकडं लग्नाच्या घरात बायका ढोलकवर गाणी म्हणतात, त्या तालावर त्यांचा हात बसलेला. पहिल्यांदा भजनात बसल्या तेव्हा मंडळातल्या एक बाई कुजबुजल्या. आजीनं झांज थांबवली आणि विचारलं, "ताल कुणाचा चुकला?" कुणाचाच चुकला नव्हता. "मग म्हणा पुढं." त्या विषयावरची चर्चा तेवढीच. माहूरला गेल्यावर चाँदबीमावशी गड चढायच्या नाहीत. खाली सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या राखत बसायच्या आणि जिलेबी खायच्या. कंधारच्या दर्ग्याला उरूस असला की आजी बाहेर पिशव्या राखत बसायची. जिलेबी तिथंही असायची.

गुरुद्वाऱ्यात ती पोळ्या लाटायला जायची. लाटण्याच्या ठोक्यावर हळू आवाजात देवीचं गाणं. तिला वाटायचं कुणाला ऐकू येत नाही. एकदा शेजारी लाटणाऱ्या सरदारीण आजींनी तोच ठेका धरला, तेव्हापासून दोघींची जोडी जमली. एकीला पंजाबी येत नव्हतं, दुसरीला मराठी. तासन्‌तास बोलायच्या.

देवाच्या बाबतीत तिचा माझ्यावर एकच आक्षेप होता. मी लातूरला सुरुवात केली ती बोहारणीचं काम करून. जुन्या साड्यांवर भांडी द्यायची, दारोदार. नवऱ्याचं तेव्हा काही धड नव्हतं. पुढं दुकानाची जागा घ्यायची वेळ आली तेव्हा मी नवस बोलले, की दुकान चाललं तर देवीला चांदीचे डोळे. आधी एक, मग बरकत आली तर दुसरा. आजीला हे सांगितलं आणि तिनं कपाळाला हात लावला.

"देवीला बी हप्त्यानं देऊन राहिलीस? आन एक डोळा घालून ती बसंल कशी?"

"मग काय करू?"

"माणसासंगं कर घासाघीस. हातात हात असतो, दोघं बी मऊ पडतात. देवासंगं न्हाई. तिथं जायचं आन म्हणायचं, मी आले, मी गाते. झालं."

बोहारणीच्या त्या दिवसांत ती लातूरला येऊन माझ्याबरोबर गल्ल्या फिरली. टोपली माझ्या डोक्यावर, झांज तिच्या हातात. ती गायला लागली की दारं उघडायची. बायका जमायच्या. मग मी पातेलं पुढं करायचं आणि आजीनं टिचकी मारून सांगायचं, "ह्याचं बूड पातळ हाय बायांनो, ते पलीकडलं घ्या." माझी आजी. माझं पातेलं. मी घरी येऊन इतकी ओरडले की शेजारी गोळा झाले. आजी भाकरी खात उभी होती. ती भाकरी कायम उभ्यानंच खायची. म्हणाली, "वरड, वरड. आवाज चांगला हाय तुझा. गायला का बसत न्हाईस?" त्या गल्ल्यांतल्या बायका अजूनही माझ्याच दुकानात येतात आणि पहिलं वाक्य म्हणतात, "सोनामाय कुठंय?" आता म्हणतात, "सोनामाय होती तेव्हा..."

आजीचं एक ठरलेलं वाक्य होतं, "मग काय, चला." संकट आलं की हे. एकदा मंडळ माहूरला निघालं. किनवटपर्यंत रेल्वे, पुढं जीप. सकाळीच जीप जंगलात बंद पडली. ड्रायव्हर पुढच्या गावात सामान आणायला गेला तो येईचना. चाँदबीमावशींना वाघ दिसायला लागले. आजी म्हणाली, "मग काय, चला," आणि बारा-तेरा बायका घेऊन रस्त्यानं गात निघाली. पुढं एक आश्रमशाळा लागली. सुट्टीनंतर मुली नुकत्याच वसतिगृहात आल्या होत्या आणि लहान पोरी घराची आठवण काढून ओसरीवर रांगेत रडत होत्या. मंडळाला पाणी द्यायचं सोडून शाळेच्या बाई पोरींचे डोळे पुसत होत्या.

आजीनं त्यांना गप्प बसा म्हटलं नाही. झांज काढली आणि म्हणाली, "रडा, पण तालात रडा." एक पोर हसली. मग दुसरी. चाँदबीमावशींनी ढोलकी धरली आणि दुपारपर्यंत सगळी शाळा अंगणात. जीप दुरुस्त होऊन आली तरी आजी उठेना. शेवटी पोरींनीच त्यांच्या गोंडी भाषेतलं एक गाणं तिला शिकवलं. आजीला अर्थ कळला नाही, चाल बरोबर आली. माहूरला देवीपुढं तिनं त्या वर्षी तेच गाणं म्हटलं.

तो सगळा दिवस मी लातूरहून फोन करत होते. आजीचा फोन बंद. बॅटरी संपू नये म्हणून ती तो बंदच ठेवायची. दुसऱ्या दिवशी लागला तेव्हा मी ज्या शिव्या दिल्या त्या तिनं शांतपणे ऐकल्या आणि म्हणाली, "बॅटरी जाळून राहिलीस माझी."

आता माझ्या मूळ दुखण्याकडं येते. दुकान चाललं, वरचा मजला बांधला, तेव्हा त्यात पहिली खोली मी आजीची केली. पूर्वेला खिडकी, भिंतीत देव्हारा, बाज, भजनाला सतरंजी. गवंड्याशी भांडून भांडून मी कोनाडा करून घेतला, खास झांजेच्या पिशवीसाठी. काकाच्या घरात ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात झोपायची. मी म्हणायचे, माझ्याकडं ये, कायमची ये. ती यायची, चार दिवस राहायची आणि पिशवी खांद्याला लावायची. कारण दर वेळी नवीन. तुझ्याकडचं पाणी जड हाय. तुझ्याकडं टँकर येतो आन समद्या बाया भांडतात. तुझ्या खिडकीत चिमण्या येत न्हाईत. मी चिमण्यांसाठी खिडकीत तांदूळ टाकले. चिमण्या आल्या. तर म्हणाली, "लई गोंगाट करतात."

निघायच्या वेळी आम्ही तिच्या पदराखाली हात घालून सौदा करायचो. मला ती लहानपणापासून तसं शिकवायची. मी पंजा धरायचे, पाच दिवस अजून. ती एक बोट. मी तीन. ती एक. माझे कान लाल व्हायचे आणि ती म्हणायची, "तुझा आजा आला बघ." मी सगळ्या लातुराशी भाव करून जिंकले आहे. ह्या म्हातारीकडून मला एका दिवसापेक्षा जास्त कधी मिळालं नाही.

एकदा रागाच्या भरात विचारलं, "माझ्या घरात कमी काय आहे?" तिनं थोडा विचार केला. "कमी काय न्हाई पोरी. समदं हाय. पण सांज झाली की मला कोन हाक मारत न्हाई तिथं. चाँद भिंतीवर ठोकते, सोनामाय, चलतीस का म्हून." भिंतीवर ठोकायला माझ्याकडं शेजारीण नव्हती.

तिच्या शेवटच्या नवरात्राआधी काकाचा फोन आला. डॉक्टरांनी तिला चढ-उतार करू नका म्हणून सांगितलं होतं आणि मंडळाची माहूरची जीप ठरली होती. मी पहिल्या गाडीनं नांदेडला आले. अंगणात जीप उभी, बायका चढून बसलेल्या, आजी पिशवी खांद्याला लावून चपला शोधत होती.

"जायचं नाही," मी म्हणाले.

"आलीस का? चहा घे."

"डॉक्टर काय बोलले ते काकानं सांगितलंय मला."

"डागदर खाली ऱ्हातो. त्याला पायऱ्याचं काय ठाऊक? आन डोलीवाले हायत की."

"चाँदमावशी, तुम्ही तरी सांगा हिला."

चाँदबीमावशी ढोलकी मांडीवर घेऊन जीपमध्ये बसल्या होत्या. "मैं बोल बोलके थकी बेटा. सुनतीच नै. और ये नै आई तो मेरे चपलां कौन संभालेंगा?"

"चपला तुम्ही सांभाळता!"

"वहीच तो. किसके चपलां?"

माझं डोकं फिरलं. मी जीपमध्ये हात घालून किल्ली काढली आणि मुठीत धरली. ड्रायव्हर "ताई, ताई" करत राहिला. बायकांनी कलकलाट केला. काका घरात निघून गेला. आजीनं सगळ्यांकडं एकदा पाहिलं, ओट्यावर बसली आणि म्हणाली, "हात आण."

मी बसले. तिनं आमच्या हातांवर पदर टाकला. बायका जीपमधून वाकून पाहायला लागल्या. त्यातल्या निम्म्या शेतकऱ्यांच्या घरच्या, पदराखाली काय चाललंय ते त्यांना बरोबर कळत होतं.

"किल्ली देते," मी म्हणाले. "माहूरला जा. पण उतरलीस की लातूरला. महिने धरायचे."

"दिवस."

"महिने. नाहीतर किल्ली विहिरीत."

तिनं दोन बोटं धरली. मी पंजा दाबला. तिनं तीन. तिचा हात नेहमीपेक्षा हलका लागत होता, पण चेहरा तोच, गार पाण्यासारखा. मी पुन्हा पंजा. मला वाटलं आता ती चारावर येईल आणि मी घेऊन टाकीन. तिनं माझी सगळी बोटं मिटवली आणि वरून आपला हात आवळला.

मूठ. मोजणी संपली. सगळाच्या सगळा माल.

मी विचारलं, "पक्कं?"

"पक्कं. नवरात्र उठलं की येते. खोली घेतली तुझी."

मला विश्वास बसेना. इतक्या वर्षांत एका बोटावर न हललेली म्हातारी. मी माझ्या धंद्याला जागले आणि म्हणाले, "इसार?"

मंडळातल्या बायका हसल्या. आजी हसली नाही. तिनं खांद्याची पिशवी उघडली, झांजेचा जोड काढला, लाल दोरीची गाठ दातानं सोडवली आणि एक झांज माझ्या हातावर ठेवली.

जीपमधून चाँदबीमावशी ओरडल्या, "अगे माय! एक से क्या बजाती तू?"

"बघू की," आजी म्हणाली. मी किल्ली दिली.

माहूरहून ती सुखरूप आली. डोली केलीच नव्हती, पायऱ्या चढून गेली होती. काकाला सांगून तिनं ट्रंक काढून घेतली. दोन लुगडी त्यात ठेवली, हे मी नंतर पाहिलं. कोजागरीच्या दिवशी भजनाला बसताना भिंतीला टेकली, चाँदबीमावशींना म्हणाली, "तू सुरू कर, मी आलेच," आणि त्यांनी ठेका सुरू केला. आजी त्या ठेक्यावर आली नाही.

आजीचे दिवस-कार्य झाल्यावर चाँदबीमावशी माझ्यासमोर बसल्या. "वो झांज दे. मंडल का है."

"इसार परत देत नसतात."

"एक झांज का तू क्या करेंगी? वजन में बेचेंगी?"

"माझ्या घरातच राहील."

"और मेरे पास जो है, उसको मैं थाली पे बजाऊं?"

"वाजवा."

आम्ही दोघी इतक्या भांडलो की काकानं दार लावून घेतलं. शेवटी ठरलं ते असं. माझी झांज माझ्या पिशवीतून बाहेर निघेल ती माझ्याच हातात. त्यामुळं पौर्णिमेला दुकान नवऱ्यावर सोडून मी नांदेडला जाते. चाँदबीमावशी त्यांच्याकडची झांज भजनापुरती माझ्या हातात देतात. भजन संपलं की ती लगेच काढून घेतात, माझी मी पिशवीत टाकते. दोघींचा एकमेकींवर काडीचा विश्वास नाही. माझा ताल चुकतो. त्या ढोलकी थांबवून म्हणतात, "बेटा, बर्तन नै बेच रही तू." मग पुन्हा पहिल्यापासून. सांज झाली की त्या आता भिंतीवर ठोकत नाहीत, पलीकडं कुणी नाही म्हणून. लातूरला मला फोन करतात आणि नुसतं विचारतात, "चलतीस का?" मी म्हणते, मावशी, मी दुकानात आहे, गिऱ्हाईक आहे. त्या म्हणतात, "हौ, मालूम है," आणि फोन ठेवतात.

वरची खोली मी रोज झाडते. कोनाड्यात झांजेची पिशवी असते, चिमण्या तांदूळ खाऊन जातात. ह्या दिवाळीतही तिथं कुकर ठेवू देणार नाही. सौदा तिनं मोडला, मी नाही.

पण आजी म्हटलं की मला ती भिंतीला टेकलेली आठवत नाही, मी ते पाहिलंही नाही. मला आठवतं ते त्या सकाळचं अंगण. जीप धूर सोडत गल्लीतून निघाली होती. मी एक झांज हातात धरून ओट्यावर उभी. मागची ताडपत्री वर बांधलेली, त्यामुळं सगळ्या बायका पाठमोऱ्या दिसत होत्या. चाँदबीमावशींची ढोलकी सुरू झाली. आणि तिच्यावर एक विचित्र आवाज, अर्धा झांजेचा, अर्धा पत्र्याचा. आजीनं कुणाच्या तरी जेवणाच्या डब्याचं स्टीलचं झाकण काढून घेतलं होतं आणि उरलेली झांज ती त्यावर हाणत होती. ठण्ण, खट्ट. ठण्ण, खट्ट. बायका हसून हसून एकमेकींवर पडत होत्या.

"आजी!" मी ओरडले. "ते झाकण माझ्या दुकानातलं आहे! वाजतंय बघ!"

तिनं मागं वळून पाहिलं नाही. झांज धरलेला हात ताडपत्रीबाहेर काढला, उंच केला आणि जीप वळेपर्यंत मूठ घट्ट मिटून धरली.